अन्वरचाचांनी धरलेला हात

द्वारका चौकाजवळच्या कार-साउंडच्या दुकानातले अन्वरचाचा नसते, तर मी गावी, सुरगाण्याला परत गेलो असतो. आज इथं शारजात दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत तापलेल्या वायरचा वास आला आणि ते आठवले.

माझी शाळा आठवीत सुटलेली. मला ठेवायचं की नाही, हे शेठ पहिल्या गाडीवर ठरवणार होते. गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावत होते. गिऱ्हाईक मोठी बॅटरी मागत होतं. मी बॉनेटखाली नुसत्याच वायरी चाचपत होतो. चाचांनी गुपचूप माझा हात बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरवर ठेवला. चटका बसला.

"बॅटरी नको, शेठ. ही वायर बारीक हाय म्हणून तापतीय, जाड टाकू," मी म्हणालो.

"लडका हुशार है, शेठ. रख लो!" चाचा म्हणाले.

मी हुशार आहे, हे तेव्हा मला खरंच वाटलं; हात कुणी ठेवला होता, ते आता कळतं. एक दिवस त्यांना इथं आणीन आणि गिऱ्हाईकांसमोर सांगेन, हे माझे उस्ताद.