हलू नका, चित्र बिघडंल

राजादादा कुणाच्या घरी समजूत घालायला गेला की आधी स्केचबुक काढायचा. समोर चिडलेला बाप असो नाहीतर रडणारी आई, हा म्हणायचा, "बसा जरा, तुमचं चित्र काढतो." कोण नाही म्हणणार? माणूस बसला की पेन्सिल चालवत मुद्द्यावर यायचा. तुमच्या पोराला पोरगा आवडतो, मला पण आवडतो, आभाळ पडलं का? मला सांगायचा, "चित्र काढून घेणारं माणूस उठून जात नाय गं. तेवढ्यात बोलून घ्यायचं."

हर्सूलला पत्र्याच्या खोलीत राहायचा. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, बाकी वेळ आमच्यासारख्यांची चित्रं. आमच्यातल्या कुणाला पोलिसांनी धरलं की ठाण्यात जाऊन बसायचा, तिथं पण स्केचबुक घेऊन. एका हवालदाराचं चित्र तर इतकं भारी काढलं की त्यानं ते फ्रेम करून घरी लावलं.

ज्यांना तोंड दाखवायची भीती, त्यांना तो पाठमोरं काढायचा. आमचं चित्र पण तसंच: मी आणि माझी मैत्रीण, म्हणजे जिच्यावर माझं प्रेम आहे ती, हर्सूलच्या तलावाकाठी बसलोय, दोघींच्या फक्त पाठी. मी बिनधास्त होते. पाठीवरून कोण ओळखणार?

दादाचं प्रदर्शन लागलं आणि शेजारच्या काकू आईला सहज म्हणून घेऊन गेल्या. मी कॉलेजात गेले तरी रोज सकाळी आईच माझी चारपेडी वेणी घालते, आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला येत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कंगवा माझ्या हातात दिला. "तुझी तू घाल. माझ्या हातची वेणी भिंतीवर टांगलीस, मला ओळखू येणार नाय व्हय?"

मी रडत दादाला फोन केला. संध्याकाळी तो दारात. "जय भीम, ताई." आई कितीही चिडली तरी जय भीमला जय भीम म्हणतेच. म्हणाली, आणि फसली.

"बसा, चित्र काढतो. हलू नका."

पेन्सिल चालू. दादा त्याच्या आईबद्दल बोलत होता. तिनं त्याला घराबाहेर काढलं होतं, आणि ती गेली तेव्हा तिचा चेहरा काढायला त्याच्याकडं फोटोसुद्धा नव्हता. "डोक्यात हाय, ताई. पण हात लावला की बिघडतो."

आईचे डोळे भरले. "डोळे पुसू का, भाऊ?"

"पुसा. मी अजून नाकावर हाय."

मग आईच बोलली. "त्या चित्रात हिचं तोंड का नाय काढलं?"

"तिला तुमची भीती वाटत होती."

आई माझ्याकडं वळली. म्हणाली, "कंगवा आण. कशी भुतासारखी फिरतेय सकाळपासून."

"ताई, हलू नका म्हटलं ना," दादा म्हणाला. पण त्यानं पान उलटलं आणि नवीन चित्र सुरू केलं. आई वेणी घालतेय, मी पुढ्यात बसलेय, दोघींची तोंडं समोर.

ते चित्र आमच्या पुढच्या खोलीत आहे. दादा मागच्या हिवाळ्यात गेला, पोटाचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही सगळे त्याच्या उशाशी बसलो असतो.

आता असल्या घरांतून फोन येतात ते माझ्याकडं. मला चित्र येत नाही. म्हणून मी आईला घेऊन जाते. ती आत जाते, रडणाऱ्या आईच्या मागं बसते, म्हणते, "केस किती गुंतलेत तुमचे, आणा इकडं."

वेणी घालून घेणारी बाई पण उठून जात नाही.