काजीच्या जागेवरचा टोलनाका

टेम्पोतला माल रोज उतरतो, किस्से मात्र हौद्यातच पडून राहतात. टोलचा रस्ता झाल्यापासून तर आमचा हौदा शिगोशीग भरलाय! आम्ही तिघं, मी, दाजी आणि बाबली. मालवणच्या बंदरावर मासळी भरायची, सावंतवाडीच्या बाजारात उतरवायची, यात जन्म गेला. मी शाळेत फारसा गेलो नाही आणि गोष्ट सावकाश सांगतो. घाई असेल त्याने खुशाल ओव्हरटेक करावं.

*

आधी खरं ते सांगतो. रस्ता चांगला आहे. खाजगी कंपनीचा असला म्हणून काय झालं? मासळी ताजी पोचते, गाडीचे पाटे मोडत नाहीत.

पहिल्याच दिवशी दाजी इतका लवकर पोचला, की बाजार झाडणारी बाई त्याला म्हणाली, "काल घराक गेलंसच नाय काय रे?"

दाजी गिऱ्हाइकांची वाट बघत बसला. शेवटी कंटाळून मला म्हणाला, "वेळ वाचलो ता बरा झाला. पण वाचलेलो वेळ आता ठेवू खंय?"

*

मग फास्टॅग आला. दाजीची गाडी नाक्यावर उभी. मशीन टॅग वाचेना. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न!

"काका, टॅग कुठे लावलाय?" नाक्यावरच्या पोराने विचारलं.

"घराक आसा."

"घरी कशाला?"

"नवीन वस्तू ती! पयली देवाकडे ठेवक नको? सत्यनारायण झाल्यार लावतलंय."

*

बाबलीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याचा टेम्पो लहान, माल थोडा. जाताना टोल, येताना टोल. दिवस उलटून बघितला तर हातात खवलेच उरायचे.

"दिवाळीपर्यंत पास गावलो नाय, तर टेम्पो विकतलंय," तो म्हणाला. "झीलाकडे मुंबैक जातलंय. त्येच्या बिल्डिंगीत वॉचमनची जागा आसा."

ज्याने उभ्या जन्मात कुणाचं दार राखलं नाही, तो मुलाच्या बिल्डिंगीचं दार राखायचं बोलत होता. स्थानिकांना पास मिळतो असं बोर्डावर लिहिलंय म्हणे. आम्ही त्याला मॅनेजरकडे घेऊन गेलो.

मॅनेजर घाटावरचे. माणूस वाईट नव्हे, फक्त कागद बघितल्याशिवाय त्यांना माणूस दिसत नसे.

"पत्ता सांगा."

"तुमच्या तीन नंबर केबिनीखाली!"

मॅनेजरनी मान वर केली.

"थंय माझा घर होता सायब, आणि दारात काजी, काजूचा झाड. रस्त्याक गेला सगळा."

"आता कुठे राहता?"

"मालवणाक. बायलेच्या माहेरी."

"मग तुम्ही स्थानिक नाही. नियमात नाक्याजवळ राहणारेच बसतात."

बाबली बाहेर आला, पायरीवर बसला. "नाक्यानच माका उठवल्यान," तो म्हणाला, "आणि आता नाकोच म्हणता, तू लांब रवतस!"

*

तीन नंबर केबिनीत बसते शेवंता. बाबलीची सख्खी भाची!

"मामा, टॅगात पैसे नाय. रोख दी."

"गो शेवंत्या, ह्याच जाग्यार काजीर चढान बोंडू खाय होतंस. तेवा मी पावती फाडलंय?"

शेवंताने वर कॅमेऱ्याकडे बघितलं. डोळे पुसले. मग ऑफिसच्या मराठीत म्हणाली, "आपला प्रवास सुखाचा होवो."

*

टोल चुकवायला आम्ही गावातल्या पाणंदीतून जायला लागलो. जिथून बैलगाडी जेमतेम जाते, तिथे आमचे तीन टेम्पो! एकदा समोर एक पांढरी कार अडकली. मागे घेता येईना, पुढे जाता येईना. आम्ही उतरून ढकलायला गेलो, तर आत मॅनेजर!

"सायब, तुमी हयसर?"

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "स्थानिकांच्या अडचणी बघायला आलोय."

"मगे बघा बरे," दाजी म्हणाला, "अडचणीतच आसात!"

*

पुढे नाक्यावरचा दांडा बिघडायला लागला. गाडी खाली असतानाच पडायचा. इंजिनिअर दोनदा येऊन गेले. शेवटी कामगारच साहेबांना म्हणाले, "देवाक गाऱ्हाणा घातल्याशिवाय नाको सुरू केलास. कसो चलतलो?"

साहेबांनी नारळ आणवला आणि मला बोलावणं धाडलं. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्याने देवाला सांगायचं आणि उभ्या असलेल्या सगळ्यांनी होकार द्यायचा. एकदा होकार दिला की तो देवापाशी दिलेला शब्द. मग मागे फिरायचं नाही. मला वाचता येत नाही, पण गाऱ्हाणं वाचून घालत नाहीतच.

"बा देवा म्हाराजा! ह्यो नाको तुझ्या हद्दीत इलो आसा, त्येका बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे कामगार एका आवाजात ओरडले. मॅनेजरनाही जोर आला. तेही हात जोडून ओरडले.

"हयसून जाणाऱ्या-येणाऱ्याक सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता साहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर.

मी मागे वळून बघितलं. बाबली मागे टेम्पोला टेकून उभा होता.

"आणि ज्या बाबल्याचा घरदार ह्या दांड्याखाली गेला, त्येका ह्यो दांडो कधी आडवो येव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी बाबलीचा टेम्पो तीन नंबरला आला. शेवंताने काही न मागता दांडा वर केला. साहेब धावत बाहेर आले.

"टोल कुठाय? कुणी सोडायला सांगितलं?"

शेवंता म्हणाली, "सायब, तुमीच. सगळ्यात मोठ्यान!"

साहेब दांड्याकडे बघत राहिले. दांडा वरच होता. मग हळूच त्यांनी विचारलं, "आणि कालचा नारळ?"

"परसादाच्या खोबऱ्याची मोठी भकल तुमीच खाल्ल्यात."

साहेबांनी बाबलीला हात केला. "जा बाबा, जा लवकर!"