साडूंची भट्टी

आमच्या साडूंइतक्या प्रेमाने लाकडाकडे बघणारा माणूस अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात दुसरा नसेल. आमच्याकडे आले की ते आधी मुलांची नाही, सोफ्याची चौकशी करायचे. "साडूभाऊ, सागवान ना हा? मोडला की दुसऱ्या कुणाला देऊ नका." कात्रपमध्ये वादळात झाड पडलं की पालिकेची गाडी येण्याआधी हे करवत घेऊन हजर. कारण एकच. सोनिवलीत एका शेतकरी मित्राच्या जागेत त्यांनी स्वतःच्या हातांनी विटांची भट्टी बांधली होती आणि तिच्यात ते मातीच्या फुलदाण्या भाजायचे.

अंबरनाथच्या एका कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस. बरोबरीच्यांनी हास्यक्लब धरला, यांनी कुंभाराचं चाक. भट्टी पेटली की दोन दिवस दाढी नाही, फोन नाही. लेकराला घास भरवावा तसं एकेक लाकूड आत सारत बसायचं. वरून रंग द्यायचा नाही. लाकडाची राख उडून मातीवर बसते, वितळते, तीच झिलई. आंब्याची राख काय रंग देते आणि जांभळीची काय, हे त्यांनी एका साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या वडिलांना तासभर ऐकवलं होतं. उल्हासनगरचा एक सिंधी दुकानदार फुलदाणीवर खूश होऊन म्हणाला, "साईं, ऐसे दो दर्जन बना दो, सेम टू सेम." साडूंनी त्याच्या हातातली फुलदाणी काढून घेतली. "सेम पाहिजे तर प्लास्टिकच्या घ्या." अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, कपाळावर हात मारून म्हणाली, "घरात चाळीस फुलदाण्या, आणि बायकोला एक गजरा आणतील तर शपथ!"

गेल्या वर्षी मित्राच्या मुलांनी ती जागा बिल्डरला दिली. साडूंनी शेवटची भट्टी लावली. आग थांबवल्यावर ती निवायला तीन दिवस लागतात, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी तिथे असतानाच, जेसीबी येऊन उभा राहिला. साडू हात पसरून भट्टीपुढे आडवे आले. "थांब! आत माझी लेकरं आहेत!"

ड्रायव्हरने घाबरून खाली उडीच टाकली. "अंदर बच्चे हैं?"

"फुलदाण्या आहेत," मी घाईघाईने सांगितलं.

तो हसेल असं मला वाटलं. त्याने भिंतीला तळहात लावून पाहिला. "चाचा, ये तो अभी गरम है. मैं परसों आता हूँ. मशीन खराब है बोल दूँगा."

मग भट्टी सावकाश निवली. उघडली तेव्हा निम्म्या फुलदाण्या तडकलेल्या होत्या. एक मात्र जराशी कललेली निघाली, एका अंगाने शेवाळासारखी हिरवी. साडूंनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ फिरवली. "ही जमली," एवढंच म्हणाले.

जेसीबी परत आला तेव्हा भट्टी पडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. साडू पाठ फिरवून तंबाखू मळत राहिले, खाल्ली मात्र नाही. धूळ बसल्यावर, त्या दिवशी आमच्याबरोबर आलेली अक्का ढिगाऱ्यापाशी गेली. आतल्या बाजूची, राखेने काचेसारखी झालेली एक वीट तिने उचलली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली.

"ती कशाला?" साडूंनी विचारलं.

"असू दे. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटतं."

त्यांच्या गॅलरीला सरकतं दार आहे. साडूंनी पिशवी तिच्या हातातून आपल्या हातात घेतली.