उशीला झोप येईना

गादीवाल्याच्या दुकानात सगळ्यात भरवशाचं माणूस कोण, तर उशी. उशी म्हणजे मांजर. पिल्लू असताना ती कापसाच्या ढिगात सापडली होती. कापूस कुठे संपतो आणि मांजर कुठे सुरू होतं, हे कुणालाच कळेना. गादीवाल्याची बायको तिला गमतीने उशी म्हणाली आणि तेच नाव चिकटलं.

उशीला काम एकच. काचेमागे मांडलेल्या गादीवर झोपायचं. हे काम तिने वर्षानुवर्षं इतक्या निष्ठेने केलं की रस्त्याने जाणारी माणसं तिला बघून जांभया द्यायची आणि जांभई देत देत दुकानात शिरायची. "गादी कशी आहे हो?" असं कुणी विचारलं की गादीवाला नुसतं काचेकडे बोट दाखवायचा. "मी खोटं बोलेन. माझा धंदाच आहे. पण तिला खोटं झोपायची काय गरज?"

अशी ही उशी ऐन म्हातारपणी जागी झाली.

जागी म्हणजे टक्क जागी. सकाळी दुकान उघडावं तर ही गाद्यांच्या चळतीवर सगळ्यात उंच बसलेली, डोळे बटाट्याएवढे. तिथून ती खाली उडी मारायची, दुकानभर सुसाट पळायची, लोडांमधून घुसायची आणि मध्येच थांबून असा सूर लावायची की गिऱ्हाइकांना वाटायचं मागच्या खोलीत कुणी कोंडलंय. खाणं तर विचारूच नका. स्वतःची वाटी चाटूनपुसून ती गादीवाल्याच्या डब्यात तोंड घालायची. एवढं खाऊन पुन्हा पाण्याच्या भांड्यावर पहारा.

गादीवाल्याची छाती फुगली. "बघा, या वयात!" तो शेजारच्या चष्मेवाल्याला सांगायचा. "तुमच्या-आमच्या गुडघ्यातून आवाज येतात आणि ही पोरीसारखी उड्या मारते."

"पण झोपत का नाही?" चष्मेवाला म्हणाला.

हा प्रश्न गादीवाल्याच्या जिव्हारी लागला. म्हातारं मांजर दिवसभर झोपत नाही म्हणजे दोष कुणाचा? गादीचा! त्याने काचेमागची गादी बदलली. मग मऊ टाकली, मग कडक, मग वर मऊ खाली कडक. शेवटी फोमच्या कारखान्यात फोन लावला. "तुमच्या नव्या मालावर माझं मांजर झोपत नाही," तो खडसावून म्हणाला.  पलीकडून कुणीतरी आदराने विचारलं, "मांजर आधी कोणत्या मालावर झोपत होतं, साहेब?"

बायकोने हे सगळं पाहिलं. मग एक दिवस तिने उशीला उचललं आणि तिचा चेहरा बदलला. "अहो, हिला हात लावून बघा. नुसते केस राहिलेत. आत मांजरच नाही."

गादीवाल्याने हात लावला. पाठीचा मणका न् मणका बोटांना लागला. पण तोंडाने तो म्हणाला, "सडपातळ झालीये. पळते ना एवढी."

"दुप्पट खाऊन सडपातळ? मग ही विद्या मलाही शिकवा. चला, डॉक्टरकडे."

म्हणणं सोपं होतं. पिंजरा पाहताच उशी गादीच्या खोळीत शिरली आणि चेन असलेल्या टोकापासून पार लांब जाऊन बसली. मग गादीवालाही खोळीत शिरला. बाहेरून बायको सूचना देत होती आणि आतून शिव्या आणि शिंका येत होत्या. नेमकं तेव्हाच एक जोडपं दुकानात आलं, हलणाऱ्या खोळीकडे पाहिलं आणि "नंतर येतो" म्हणून निघून गेलं. शेवटी उशी एका उशीच्याच अभ्र्यात, फक्त डोकं बाहेर, अशा थाटात रिक्षात बसली. गादीवाल्याच्या नाकावर तीन ओरखडे होते.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला मोजक्या. त्यांनी उशीला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, गळ्यापाशी दोन बोटं हळूच फिरवली, मग छातीला नळी लावली आणि भुवया वर केल्या. मग एक छोटासा पट्टा काढून तो शेपटीला गुंडाळला.

"हे काय?" गादीवाला.

"रक्तदाब."

"शेपटीत?"

"दंड दाखवा तिचा, तिथे घेते."

 उशीचं रक्त काढताना गादीवाल्याने डोळे मिटले आणि बायकोचा हात घट्ट धरला. उशी मात्र एकदाच "म्यँव" म्हणाली, तेही गादीवाल्याकडे बघून.

तपासणीचा निकाल आला तेव्हा बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "हिची गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी वाढलीये. म्हाताऱ्या मांजरांना होतं असं. गाडी उभी असताना पाय ॲक्सिलरेटरवर राहिला तर कसं होईल, तसं चाललंय आत. म्हणून भूक, म्हणून पळापळ, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हृदयावरही ताण येतो."

"म्हणजे ती आनंदात नव्हती?" गादीवाल्याचा आवाज बारीक झाला.

"दमली होती," बाई म्हणाल्या. "पण यावर औषध आहे. रोज दोनदा गोळी. मधून मधून रक्त तपासू, मूत्रपिंडावरही लक्ष ठेवू. वय झालंय, पण वय हा काही आजार नाही."

 ज्याचं कौतुक गावभर सांगत फिरलो तो आजार निघाला, ही गोष्ट घरी येईपर्यंत गादीवाल्याच्या घशाखाली उतरत नव्हती.

पण गोळी उशीच्या घशाखाली उतरवण्यापुढे ते काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी गोळी माशाच्या तुकड्यात लपवली. उशीने मासा खाल्ला आणि गोळी वाटीत अशी लख्ख ठेवली, जणू धुऊन ठेवलीय. मग गादीवाल्याने तिला टॉवेलात गुंडाळलं, जबडा उघडला, गोळी आत टाकली आणि गळा चोळला. उशीने डोळे मिटून गिळल्याचा आवाज केला. "गेली!" तो ओरडला. तेव्हापासून रोज तेच. टॉवेल, जबडा, गळा, आवाज, "गेली!" चष्मेवालासुद्धा भिंतीपलीकडून "गेली का?" म्हणून विचारायचा.

तरीही उशीच्या उड्या काही कमी होईनात. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, "गोळी पोटात जाते ना नक्की?"

"जाते म्हणजे काय! माझ्या डोळ्यांदेखत!"

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका, अंगाने दणकट. त्या काचेमागच्या गादीवर आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"टोचतंय."

"अशक्य," गादीवाला म्हणाला. "या गादीत टोचायला काही नाहीच."

"मी काय खोटं बोलतेय?" त्या कुशीवर वळल्या. "इकडेही टोचतंय. आणि माशाचा वास येतोय."

गादीवाल्याने चादर उचलली. गादीच्या काठाशी, शिवणीच्या खाचेत, लहान लहान गोळ्या एका रांगेत बसल्या होत्या. काही चाटून गुळगुळीत झालेल्या, काही अगदी कोऱ्या. माळ्यावरून उशी हा सगळा प्रकार पाहत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी गोळ्यांकडे पाहिलं, मांजरीकडे पाहिलं, आणि वर्गात कॉपी पकडल्यासारख्या सुरात म्हणाल्या, "गालात धरून ठेवते आणि इथे येऊन थुंकते. आमच्याकडे असे दरवर्षी चार-पाच असतात."

आतून बायकोचं हसणं ऐकू येऊ लागलं. ते थांबेचना. गादीवाल्याने गोळ्या रुमालात बांधल्या आणि तसाच दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतल्या. त्या मोजक्या बोलणाऱ्या बाईसुद्धा तोंडावर हात धरून आत निघून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मलमाची नळी होती.

"हेच औषध मलमातून देऊ. कानाच्या आतल्या बाजूला, जिथे केस नाहीत, तिथे लावायचं. आज हा कान, उद्या तो. कातडीतून आत जातं. आणि ऐका, हातमोजा घालूनच लावा. नाहीतर अर्धं औषध तुम्हालाच लागेल."

गादीवाल्याने भांडी घासायचे लाल रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवले. ते पाहून उशी जी पळाली ती थेट चष्मेवाल्याच्या दुकानात, आणि तिथल्या आरशांमध्ये स्वतःची चार-पाच रूपं बघून त्यांच्यावर गुरगुरत बसली. बायकोने कपाळावर हात मारला आणि औषधाच्या दुकानातून एका बोटापुरती रबरी टोपणं आणली. मग उशीला परत आणून, नवऱ्याला खुर्चीत बसवून तिने स्वतः मलम लावलं. उशीला हनुवटीखाली खाजवत, गप्पा मारत, जाता जाता कानात बोट फिरवलं. उशीला पत्ताही लागला नाही.

"झालं?" गादीवाला.

"झालं. तुम्ही उगाच कुस्ती खेळत होतात."

काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. काट्यावरचा आकडा वर सरकला होता, छातीतली धावपळ आटोक्यात आली होती, मूत्रपिंडंही ठीक होती. "छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पुढच्या खेपेला दात बघू. मागची एक दाढ खराब झालीये."

"हळू बोला," गादीवाला पिंजऱ्याकडे बघत कुजबुजला. "तिला आत्ताच नका सांगू."

त्या दुपारी दुकानात उशी काचेमागे गेलीच नाही. गल्ल्यावर बसलेल्या गादीवाल्याच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि झोपली. अगदी घोरायला लागली. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. गादीवाल्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण तो तसूभर हलला नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि खुणेनेच गिऱ्हाइकाला सांगितलं, हवी ती गादी बघा, पण चपला बाहेर काढा आणि पाय वाजवू नका.