साड्यांच्या थप्पीवर तापलेला लॅपटॉप

मंडळी, आज जाम खूश आहे!

काल लॅपटॉपमध्ये नवी सिस्टीम टाकली. सकाळपासून तो इस्त्रीसारखा गरम, बॅटरी भराभर खाली. दुपारी कारखान्यात लाइट बंद राहणार, आणि तेव्हाच शेठ लॅपटॉपवर माझी पहिली साडीची डिझाइन बघायला येणार!

शेजारच्या मशीनवरचा पंकज हसला. “अरे भो, अपडेटनंतर त्याचं आत काम चालू असतं, तापेलच. वरून तू त्याला साड्यांच्या थप्पीवर बसवलंय. हवा कुठून घेईल?”

आम्ही सुरतवाले डबासुद्धा थप्पीवरच ठेवतो ना!

लगेच फळीवर ठेवला, चार्जिंगला लावला, काम संपू दिलं. दुपारी बॅटरीवर मस्त थंड चालला. शेठ म्हणाले, “चालो, मशीन पर चढावी दो!” म्हणजे डिझाइन पास, साडी बनवायला घ्या!

आता सांगा, पहिली साडी आईला पाठवू की ताईला?