जालन्यात कुठं जेवायचं?

पुण्याहून निघताना मी सुब्रतोला ऐटीत सांगितलं होतं, "जालना माझा जिल्हा. जेवणाचं माझ्यावर सोड." सुब्रतो माझ्या ऑफिसातला, कोलकात्याचा, खाण्याचा भारी शौकीन. नवीन जालन्यातल्या बियाणे कंपन्यांकडे आमचं काम होतं. लॉजवर उतरलो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम आटोपलं, आणि त्याला अस्सल मराठवाडी जेवण हवं झालं. मला आठवणारी दोन्ही हॉटेलं बंद झाली होती. एकाच्या जागी मोबाइलचं दुकान, दुसऱ्याच्या जागी बँक.

शेवटी स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला विचारलं, "येसराची आमटी चांगली कुठं मिळेल?"

"बाहेरून आले का?"

"हो," मी म्हणालो.

"मंग हॉटेलात नका जाऊ. मागच्या गल्लीत वडीगोद्रीच्या काकूची खानावळ हाय. जल्दी जा, आमटी उरत न्हाई."

वडीगोद्री माझं मूळ गाव. मी खुशीतच सुब्रतोला घेऊन निघालो.

पत्र्याच्या शेडखाली टेबलं मांडली होती. भाकरी थापणाऱ्या बाईंनी मान वर केली आणि मी जागीच थांबलो. माझी चुलत बहीण, सुनंदाताई. एकाच अंगणात आम्ही वाढलो. भावजी गेल्याचं मला आईकडून कळलं होतं. जाऊ जाऊ म्हणत माझं जाणं राहूनच गेलं. ती खानावळ चालवते, हेही मला ठाऊक नव्हतं.

"विजू? कवा आल्ता?"

"काल."

"उतरला कुठं?"

"लॉजवर."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. सुब्रतोनं हिंदीत विचारलं, तुम्ही एकमेकांना ओळखता का?

"मेरा भाई है," ताई म्हणाली. "कल फोन करके बोला ना, मेहमान को लेके आता हूँ."

"वा! मला पत्तासुद्धा लागू दिला नाहीस!" सुब्रतोनं माझ्या पाठीवर थाप मारली.

भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसालेदार पिठाची, म्हणजे येसराची, ती आमटी झणझणीत होती. गरम भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, फोडलेला कांदा. सुब्रतो घाम पुसत पुन्हा पुन्हा मागत होता. मला ताटावरून नजर उचलवेना.

"ताई, भावजींच्या वेळी मी..."

"जेव आधी. गार होऊन राह्यली भाकरी."

निघताना ती म्हणाली, "पोचला की फोन कर." मी मान हलवली.

परतीच्या गाडीत सुब्रतो म्हणाला, "दीदीला फोन लाव. मला आभार मानायचेत." मी मोबाइल काढला. माझ्याकडे तिचा नंबर नव्हता. जेवून उठलो, निरोप घेतला, तरी मागितला नव्हता. मग मी त्याला सगळं सांगून टाकलं. जिल्ह्याची चव मित्रापुढं मिरवायला निघालो होतो, आणि बहिणीचा पत्ता मला एका दुकानदारानं सांगितला होता.

सुब्रतोनं स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. मी हात धुवायला गेलो होतो तेव्हा, येसर मागवता यावं म्हणून, त्यानं तिचा नंबर घेतला होता आणि स्वतःचा तिला दिला होता.

मी फोन लावला.

"हां, बोलो भैया," ताई म्हणाली.

तिच्या लेखी फोनवर सुब्रतो होता. "ताई, मी विजू," एवढं म्हणायला मला फार वेळ लागला.