नायजेरियाची मुलाखत

"धुणीभांडी येतात ना तुला?"

बाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात इंग्रजीचं पुस्तक होतं.

चिंचवडातला बंगला. बाईंचे यजमान निवृत्त हेडमास्तर. नायजेरियातल्या शाळांसाठी इंग्रजीचे शिक्षक तेच निवडून पाठवायचे. मी एम. ए., बी. एड. पिंपरीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. व्हरांड्यात आणखी उमेदवार बसलेले. माझं नाव पुकारलं, मी आत गेले.

आधी सगळं नीट चाललं. हेडमास्तरांनी उतारा वाचायला दिला. वाचला. व्याकरण विचारलं. सांगितलं.

"वा! उच्चार छान आहेत तुमचे."

मग पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"पिंपरीच्याच. वडील कंपनीत भट्टीवर आहेत. आम्ही बौद्ध."

"असं आहे, परक्या मुलखात माणसावरून देशाची पारख होते. घराणं बघूनच पाठवावं लागतं."

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, आपल्या लेकीला, सुमीला, कुवेतला घरकामाला बाई हवीय ना? हिला इंग्रजी येतं, बरंच झालं." आणि माझ्याकडे वळून ते धुण्याभांड्यांचं.

बघता बघता मी 'तुम्ही'ची 'तू' झाले.

माझ्या आईनं लोकांची धुणीभांडी करूनच मला शिकवलं. त्या कामाची लाज नाही मला. पण तेव्हा कान तापले. आणि खरं सांगते, सवयीनं माझी मान हलायला लागली होती. हो म्हणायला. पिढ्यान्पिढ्यांची सवय. ती मान मी तिथंच ताठ केली.

"बाई, मला तुम्ही म्हणा. आणि सर, मी शिक्षिकेच्या जागेसाठी आलेय. माझ्या इंग्रजीत काय कमी आहे ते सांगा."

"ऊठ. नीघ इथून," हेडमास्तर म्हणाले.

निघाले. व्हरांड्यात थांबून मोठ्यानं सांगितलं, "आत इंग्रजी बघत नाहीत. जात बघतात."

कुणी वर बघितलं नाही. पुढचं नाव पुकारलं. एकजण टाय नीट करत आत गेला.

घरी आले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई म्हणलीस, बरं केलंस. पर आता कुणाच्या वशिल्यानं जाणार?"

"कुणाच्याच नाही, बाबा."

त्याच आठवड्यात दिल्लीला, नायजेरियाच्या वकिलातीला थेट अर्ज टाकला. नकार आला. पुन्हा टाकला. टाकत राहणार. तिथल्या लोकांनी परकी म्हणून नाकारलं तर समजून घेईन. मी त्यांच्या देशात परकीच असणार. पण जिथं जन्मले तिथं मला परकी ठरवणाऱ्याला मी सोडणार नाही. त्याच्या दारात उभी राहून, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कारण विचारीन.